हजार फोटो आणि एक मोजपट्टी

गाझातली अल-ओमारी मशीद डिसेंबर २०२३ मध्ये इस्रायली हल्ल्यात बहुतांश उद्ध्वस्त झाली. बाराव्या शतकातल्या क्रुसेडर चर्चचं बांधकाम तिच्यात सामावलेलं होतं. 'फोटो आहेत ना, त्यांवरून एआय इमारतीचं त्रिमितीय मॉडेल बनवून देईल' असं आता अनेकजण बोलतात. त्यांना फोटोवरून इमारत कशी मोजतात हे सांगायलाच हवं.

अंगठा समोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकताना दिसेल. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. दोन जागांहून काढलेल्या फोटोंमधल्या अशाच सरकण्यातून अंतर काढण्याचं शास्त्र म्हणजे फोटोग्रामेट्री. १८५८ साली वेट्झलारच्या कॅथेड्रलचं मोजमाप घेताना पडता पडता वाचलेल्या आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर या जर्मन वास्तुविशारदाने इमारतींसाठी ते विकसित केलं.

शेजारच्या दोन फोटोंत साधारण ६० ते ८० टक्के भाग सामाईक लागतो. दगडाच्या प्रत्येक कोपऱ्याचे तीन निर्देशांक, म्हणजे त्याची जागा सांगणारे तीन आकडे, अज्ञात असतात आणि प्रत्येक फोटोमागे कॅमेऱ्याचे सहा: तीन जागेचे, तीन रोखाचे. एका फोटोत दिसलेला एक कोपरा दोन समीकरणं देतो. हजारो कोपरे, शेकडो फोटो. त्यामुळे समीकरणं अज्ञातांपेक्षा कितीतरी जास्त होतात आणि लघुतम वर्ग पद्धतीने सगळ्यांशी जास्तीत जास्त जुळणारं उत्तर निघतं. कॅमेरा कुठे होता, तेही त्यातच कळतं!

पण नुसत्या फोटोंतून खरं माप कधीच मिळत नाही. सगळी अंतरं दुप्पट केली तरी फोटो तेच येतात, म्हणून कमान चार मीटरची की चाळीस सेंटिमीटरची, हे हजार फोटोही सांगत नाहीत. एक तरी अंतर प्रत्यक्ष मोजलेलं लागतं.

म्हणूनच जागेवर जाऊन केलेल्या नोंदींचं मोल मला फार वाटतं. पॅलेस्टिनी वास्तुविशारद सुआद अमिरी यांनी १९९१ मध्ये वेस्ट बँकमधल्या रामल्लात स्थापन केलेल्या 'रिवाक' संस्थेने १९९४ ते २००७ या काळात गावोगाव फिरून ५० हजारांहून अधिक जुन्या पॅलेस्टिनी इमारतींची नोंदवही केली. त्यांत राजवाडे थोडे, शेतकऱ्यांची दगडी घरंच जास्त.

आणि एआय? जिथला फोटोच नाही, तिथे प्रामाणिक मॉडेलमध्ये भोक राहतं. एआय ते भोक इतर इमारतींच्या कमानी पाहून बुजवतं. दिसायला सुंदर, पण ती गाझाची कमान नव्हे. जीर्णोद्धार करणाऱ्याला ते भोक दिसलंच पाहिजे. म्हणून तयार मॉडेलइतकेच मूळ फोटो आणि मोजमापांचे कागदही जपावे लागतात, त्यांच्या प्रती दुसऱ्या देशातही ठेवाव्या लागतात.