विद्युत क्षेत्रतीव्रता : जुन्या व नव्या एककांचे रूपांतर

विद्युत क्षेत्रात ठेवलेल्या एकक धन प्रभारावर जेवढे बल येते, तेवढी त्या बिंदूपाशी क्षेत्रतीव्रता असते. एसआय पद्धतीत ती व्होल्ट प्रति मीटर किंवा न्यूटन प्रति कुलोम या एककांत सांगतात. दोन्हींचे मूल्य एकच. जुन्या ग्रंथांत, आणि खगोलभौतिकीच्या बऱ्याच लेखनात आजही, सीजीएस (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद) पद्धतीतील स्टॅटव्होल्ट प्रति सेंटिमीटर हे एकक भेटते. १ स्टॅटव्होल्ट प्रति सेंटिमीटर म्हणजे २९,९७९.२४५८ व्होल्ट प्रति मीटर. हातच्या हिशेबाला ३०,००० पुरतात.

हा गुणक पाठ असतो, पण तो आला कुठून हे सहसा सांगितले जात नाही. सीजीएसच्या स्थिरविद्युत शाखेत प्रभाराचे एकक थेट कुलोमच्या नियमावरून ठरवले आहे: निर्वातात १ सेंटिमीटर अंतरावरील दोन सारखे प्रभार एकमेकांना १ डाइन बलाने दूर लोटत असतील, तर तो प्रत्येकी १ स्टॅटकुलोम. दुसरी शाखा चुंबकीय परिणामांवरून निघाली. तिच्यात विद्युतधारा आधी ठरते आणि धारेवरून प्रभार. एकाच प्रभाराची ही दोन मापे एकमेकांना भागली की उत्तर वेगाच्या एककात येते. विल्हेल्म वेबर आणि रुडॉल्फ कोलराउश यांनी १८५६ मध्ये लायडन जार (प्रभार साठवणारी काचेची बरणी) वापरून हे गुणोत्तर मोजले. ते सेकंदाला सुमारे ३,१०,७४० किलोमीटर आले, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर असावी, या मॅक्सवेलच्या निष्कर्षाला त्याने बळ मिळाले. २९,९७९ हा आकडा त्या वेगाचाच अवशेष आहे. उरलेले सारे दहाचे घात.

सीजीएसच्या या दोन्ही शाखा एकत्र करणाऱ्या गॉसियन पद्धतीत तर विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांची मिती एकच धरली जाते, आणि १ स्टॅटव्होल्ट प्रति सेंटिमीटर हे १ गॉसच्या (चुंबकीय क्षेत्राच्या सीजीएस एककाच्या) तोडीचे ठरते. म्हणून गुणक विसरला तर तो पुन्हा काढता येतो. १ गॉस म्हणजे टेस्लाचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या एसआय एककाचा, दहा हजारावा भाग. त्याला मीटर प्रति सेकंदातील प्रकाशवेगाने गुणले की तोच आकडा समोर येतो. घोकंपट्टीपेक्षा ही वाट बरी.

तेलाचे प्रभारित थेंब विद्युत क्षेत्रात तोलून इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजणारा मिलिकनचा तेलथेंबाचा प्रयोग हे या रूपांतराचे चांगले उदाहरण. व्होल्टमीटर व्होल्ट दाखवणार आणि प्रभार मात्र स्थिरविद्युत एककात (स्टॅटकुलोममध्ये) हवा, म्हणून १ स्टॅटव्होल्ट म्हणजे सुमारे ३०० व्होल्ट या हिशेबाने ३०० ने भागावे लागे. दोन पट्ट्यांमध्ये १.५ सेंटिमीटर अंतर आणि ५,००० व्होल्ट विभवांतर धरले, तर क्षेत्रतीव्रता ३,३३३ व्होल्ट प्रति सेंटिमीटर होते. ३०० ने भागून ११.१ स्टॅटव्होल्ट प्रति सेंटिमीटर, आणि एसआयमध्ये सुमारे ३ लाख ३३ हजार व्होल्ट प्रति मीटर. घोटाळा इथेच होतो: व्होल्टसाठी ३००, पण क्षेत्रतीव्रतेसाठी ३०,०००, कारण सेंटिमीटरचा मीटर करताना आणखी एक १०० येतो. मिलिकनने १९१३ मध्ये इलेक्ट्रॉनचा प्रभार ४.७७४ × १०^−१० स्थिरविद्युत एकके दिला. आजचे मूल्य ४.८०३ × १०^−१० आहे. ही तफावत मुख्यतः हवेच्या श्यानतेच्या चुकीच्या मूल्यामुळे आली. ३०० हा पूर्णांक धरल्याने पडणारा फरक हजारात एकापेक्षाही कमी.

चुंबकीय शाखेतील ॲबव्होल्ट प्रति सेंटिमीटर हे एकक फारसे रुळले नाही. त्याचे रूपांतर सोपे आहे: व्होल्ट प्रति मीटरचा दहा लाखावा भाग.

प्रमाणांचा अंदाज असला की चूक लगेच पकडता येते. निरभ्र हवामानात जमिनीलगतचे क्षेत्र साधारण १०० ते १५० व्होल्ट प्रति मीटर, म्हणजे स्टॅटव्होल्ट प्रति सेंटिमीटरचा जेमतेम दोन-तीनशेवा हिस्सा. हवेत ठिणगी पडते ती सुमारे ३० लाख व्होल्ट प्रति मीटरला, जुन्या एककात १००. हायड्रोजन अणूत बोर त्रिज्येवर केंद्रकाचे क्षेत्र सुमारे ५१,४०० कोटी व्होल्ट प्रति मीटर असते. जुन्या एककात ते १ कोटी ७१ लाखांच्या आसपास येते.

कारखान्यात यातले कोणतेच एकक चालत नाही. तिथे किलोव्होल्ट प्रति मिलिमीटर. ट्रान्सफॉर्मर तेलाची बीडीव्ही (ठिणगी पडण्याच्या व्होल्टेजची) चाचणी २.५ मिलिमीटर अंतरावर घेतात. ३० किलोव्होल्टला ठिणगी पडली, तर सरासरी क्षेत्र १२ किलोव्होल्ट प्रति मिलिमीटर, म्हणजे १ कोटी २० लाख व्होल्ट प्रति मीटर. अमेरिकी माहितीपत्रकांत व्होल्ट प्रति मिल असते. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटर नव्हे. १ व्होल्ट प्रति मिल म्हणजे सुमारे ३९,३७० व्होल्ट प्रति मीटर. हा गुणक ३०,००० च्या इतका जवळ आहे की एकाच्या जागी दुसरा वापरला तरी उत्तर विचित्र दिसत नाही, आणि चूक तशीच पुढे जाते.

खरा सापळा मात्र विद्युत विस्थापनाचा, म्हणजे क्षेत्रतीव्रतेशी जोडलेल्या D या राशीचा. गॉसियन पद्धतीत निर्वातातील विस्थापन आणि क्षेत्रतीव्रता यांचे आकडे सारखेच असतात. एसआयमध्ये त्यांच्यात निर्वाताची विद्युतपारगम्यता येते आणि रूपांतरात ४π शिरतो. त्यामुळे विस्थापनाचे १ जुने एकक म्हणजे २.६५४ × १०^−७ कुलोम प्रति चौरस मीटर. ध्रुवीकरणात (पदार्थातील प्रभार सरकल्याने येणाऱ्या P या राशीत) हा ४π येत नाही. तिथे गुणक ३.३३६ × १०^−६. दोन्ही राशी जुन्या पद्धतीत एकाच मितीच्या असल्याने पुस्तकात कोणती अभिप्रेत आहे, हे सूत्र पाहूनच ठरवावे लागते.

१९८३ मध्ये मीटरची व्याख्या बदलून प्रकाशवेग निश्चित केला गेला, तेव्हा २.९९७९२४५८ हे अंकही अचूक झाले. २०१९ च्या एसआय सुधारणेत इलेक्ट्रॉनचा प्रभार निश्चित धरला आणि निर्वाताची चुंबकीय पारगम्यता मोजायची राशी ठरली. तेव्हापासून हा गुणक काटेकोर अर्थाने अचूक राहिलेला नाही; फरक एक अब्जांशाहूनही कमी आहे.