व्हार्मिंट गोळी

व्हार्मिंट गोळी : प्रेअरी डॉग व वुडचक (दोन्ही खारीच्या कुळातील बिळे करणारे प्राणी), बिळात राहणाऱ्या जमिनीवरील खारी आणि कोयोटी (कोल्ह्यासारखा प्राणी) अशा, अमेरिकेत शेतीला व कुरणांना उपद्रवी मानल्या गेलेल्या प्राण्यांवर दूर अंतरावरून झाडण्यासाठी बनवलेली रायफलची गोळी. ती वजनाने हलकी व पातळ जॅकेटची (शिशाच्या गाभ्यावरील धातूच्या वेष्टनाची) असून लक्ष्याला लागताच फुटते. मोठ्या शिकारीच्या गोळीने खोल शिरावे अशी अपेक्षा असते. येथे नेमके उलट हवे असते. फुटलेल्या गोळीचे कण जागीच थांबतात आणि कडक जमिनीवर आपटून उसळलेली गोळी शेजारच्या शेतात जाण्याचा धोका कमी होतो. सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी ठिणगीची टोपी असलेली) काडतुसे स्वतः भरणारे शौकीन म्हणजे हँडलोडर हाच या गोळीचा सर्वांत चोखंदळ ग्राहक असून तिच्या विकासातील बराचसा वाटाही त्याचाच आहे.

अचूकतेचा आग्रह लक्ष्याच्या आकारातून येतो. बिळाच्या तोंडाशी उभा राहिलेला प्रेअरी डॉग जेमतेम तळहाताएवढा रुंद दिसतो. एक कोनीय मिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे 100 यार्डांवर 1.047 इंच (सु. 2.7 सेंमी.) आणि 300 यार्डांवर 3.1 इंच (सु. 8 सेंमी.). म्हणजे एक मिनिटाचा गट (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पसारा) देणारी रायफल हरणाला पुरून उरते. 300 यार्डांवरच्या प्रेअरी डॉगसाठी मात्र ती काठावरचीच ठरते. अर्ध्या मिनिटाच्या आतला गट हा या छंदातील सर्वमान्य मापदंड आहे.

या गोळीचा इतिहास .22 इंची काडतुसांच्या इतिहासात गुंतलेला आहे. .22 हॉर्नेट हे काडतूस 1920 च्या दशकाच्या अखेरीस स्प्रिंगफील्ड आर्मरी या अमेरिकी सरकारी शस्त्रकारखान्याशी संबंधित मंडळींच्या प्रयोगांतून पुढे आले. टाउनसेंड व्हेलन आणि जी. एल. वॉटकिन्स यांची नावे त्या संदर्भात घेतली जातात. काडतुसाचे पितळी कवच मात्र 1885 च्या सुमाराच्या .22 विंचेस्टर सेंटरफायरचेच होते. विंचेस्टरने तयार काडतुसे 1930 मध्ये विक्रीस आणली. त्यासाठीची कारखानी रायफल मागाहून आली. 1935 मध्ये आलेल्या .220 स्विफ्टने 48 ग्रेनच्या गोळीला सेकंदाला 4,110 फूट (सु. 1,250 मी.) वेग दिला. (1 ग्रेन = सु. 65 मिग्रॅ.) .22-250 चे जनकत्व अधिक वादग्रस्त आहे. .250 सॅव्हेज या काडतुसाच्या कवचाचे तोंड आवळून .22 करण्याचे प्रयोग डोनाल्डसन, वॉटकिन्स, गेबी, बुशनेल स्मिथ, स्वीनी अशा अनेकांनी केले. गेबींनी ‘व्हार्मिंटर’ हे नाव स्वतःकडे राखून ठेवले, म्हणून इतरांनी .22-250 हे आकडी नाव वापरले असे सांगतात. एकच जनक शोधण्यापेक्षा ही कल्पना अनेकांना जवळपास एकाच काळात सुचली असे मानणे पुराव्याला धरून होईल. रेमिंग्टनने ते काडतूस 1965 मध्ये प्रमाणित केले.

दुसऱ्या महायुद्धात जॅकेटच्या गोळ्या बाजारातून जवळपास नाहीशा झाल्या. तेव्हा झाडून झालेली .22 रिमफायर (काठातच ठिणगीचे मिश्रण असलेल्या) काडतुसांची पितळी कवचे गोळा करून, त्यांचा काठ दाबून सरळ करायचा आणि आत शिसे भरून साच्यात दाबून गोळी घडवायची, असा उपाय रूढ झाला. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथील फ्रेड हंटिंग्टन यांनी यासाठी साचे बनवले. आर.सी.बी.एस. (रॉक चक बुलेट स्वेज) या त्यांच्या कंपनीच्या आद्याक्षरी नावात रॉक चक हा पश्चिमेकडील मार्मोट आजही बसलेला आहे. नेब्रास्कातील जॉइस हॉर्नाडी आणि व्हर्नन स्पियर हेही याच काळात रिमफायरच्या कवचांपासून गोळ्या करत होते. आधी कोणी केले हे सांगणे कठीण आहे आणि टंचाई सर्वांनाच होती हे लक्षात घेता तो प्रश्न फारसा महत्त्वाचाही नाही. ही कवचे पातळ असल्याने त्यांच्या गोळ्या बेताच्या वेगालाही लक्ष्यावर चुरा होत. पुढच्या पिढीच्या व्हार्मिंट गोळीचा हाच गुण बेतून घडवला गेला. युद्धानंतर सिएरा (1947) आणि हॉर्नाडी (1949) या कंपन्या निघाल्या. पोकळ टोकाच्या गोळीबरोबर प्लॅस्टिकच्या टोकाची गोळी अलीकडच्या दशकांत रुळली असून हॉर्नाडीची व्ही-मॅक्स, सिएराची ब्लिट्झकिंग आणि नॉस्लरची बॅलिस्टिक टिप ही तिची परिचित उदाहरणे आहेत.

अचूकतेच्या दृष्टीने गोळीचा सर्वांत नाजूक भाग जॅकेट हाच होय. तांबे-जस्ताच्या मिश्रधातूची ही वाटी सर्व बाजूंनी सारख्या जाडीची नसेल, तर शिसे एका बाजूला किंचित जास्त बसते आणि गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या भौमितिक अक्षापासून सरकतो. नळीत असताना गोळीला भौमितिक अक्षाभोवतीच फिरावे लागते. बाहेर पडताच ती गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती फिरू लागते आणि सुटताना मिळालेला आडवा वेग घेऊन जाते. मॅसॅचूसेट्समधील फ्रँकलिन मान यांनी 1909 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गोळ्या मुद्दाम असंतुलित करून हा परिणाम तपासला होता. हिशेब सोपा आहे. सेकंदाला 3,200 फूट वेग आणि नळीतील मळसूत्री आट्यांचा 12 इंचांत एक फेरा असा पीळ असेल, तर गोळी सेकंदाला 3,200 फेरे घेते. गुरुत्वमध्य इंचाचा केवळ दहा-हजारावा भाग (2.5 मायक्रॉन) सरकला असेल, तर आडवा वेग सेकंदाला सु. 5 सेंमी. होतो. 100 यार्डांच्या उड्डाणाला साधारण दशांश सेकंद लागतो, म्हणजे गोळी तेवढ्यानेच सु. 5 मिमी. बाजूला जाते. आठ इंचांच्या पिळात हाच दोष दीडपट होतो. बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून नेमबाजीच्या) स्पर्धांच्या दर्जाच्या जॅकेटमध्ये भिंतीच्या जाडीतला फरक 0.0003 इंचाच्या आत राखण्याची धडपड असते ती यामुळेच. काडतुसातील दारूचे वजन ग्रेनच्या दशांशापर्यंत काटेकोर ठेवणारे अनेक जण जॅकेटकडे मात्र काणाडोळा करतात.

नळीतील आट्यांचा पीळ आणि गोळीची लांबी यांचा मेळ हा निवडीचा दुसरा आधार. वूलिच येथील गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी 1879 च्या सुमारास मांडलेला नियम अजून वापरात आहे : 150 ला व्यासाच्या वर्गाने गुणून लांबीने भागले की आवश्यक पीळ इंचांत मिळतो. 0.224 इंच व्यासाची व 0.74 इंच लांबीची, म्हणजे नेहमीच्या 55 ग्रेनच्या गोळीच्या आसपासची गोळी घेतली, तर उत्तर सु. 10 येते. प्रत्यक्षात अशा गोळ्या 12 च्या पिळात सुरळीत चालतात. सेकंदाला 2,800 फुटांवरील वेगांना 150 ऐवजी 180 घ्यावे असे काही लेखक सुचवतात. तसे केल्यास 12.2 हे व्यवहाराशी जुळणारे उत्तर मिळते. मुळात ग्रीनहिल यांचे गणित न दबणाऱ्या द्रवातून जाणाऱ्या लंबगोलाचे होते, त्यामुळे ध्वनीच्या तिप्पट वेगाच्या गोळीला ते इतके लागू पडावे यात योगायोगाचा भाग मानायला हवा. डॉन मिलर यांचा 2005 चा नियम वस्तुमान, वेग आणि हवेची घनताही विचारात घेतो व आज तोच अधिक भरवशाचा ठरतो. प्लॅस्टिकचे टोक लांबी वाढवते पण वजन जवळजवळ नाही, म्हणून अशा गोळ्यांसाठी त्यालाही दुरुस्ती लागते.

गोळीच्या पेटीवर वजन छापलेले असते, लांबी क्वचितच. त्यामुळे निवडीत वजनाला नको इतके महत्त्व येते. जुन्या हॉर्नेटचा पीळ 16 इंचांचा, .222 रेमिंग्टन (1950), .22-250 आणि स्विफ्ट यांचा बहुधा 14 चा. त्यांत 40 ते 55 ग्रेनच्या आखूड, सपाट बुडाच्या गोळ्याच शोभतात. 1955 मध्ये रेमिंग्टनने आपल्या .244 काडतुसाच्या रायफलींना 12 चा पीळ दिला, तो 75 व 90 ग्रेनच्या गोळ्या डोळ्यांसमोर ठेवून. विंचेस्टरच्या .243 चा पीळ 10 चा असल्याने त्यात 100 ग्रेनची हरणाची गोळीही चालत होती. ग्राहकांनी .243 उचलले. रेमिंग्टनने तेच काडतूस 1963 मध्ये 9 च्या पिळासह 6 मिमी. रेमिंग्टन या नावाने पुन्हा आणले, तोवर बाजार हातचा गेला होता.

पीळ फार जलद असला तरी अडचण होते. 3,200 फूट वेगाला 14 च्या पिळात गोळी मिनिटाला सु. 1,65,000 फेरे घेते, 7 च्या पिळात सु. 3,29,000. हॉर्नेटच्या मंद वेगासाठी बनवलेले अतिपातळ जॅकेट असल्या फिरण्याने हवेतच फाटते. लक्ष्यफलकावर भोक न पडता मध्येच राखी धुराची रेघ दिसते. आधुनिक .223 रायफली बहुधा 9, 8 किंवा 7 च्या पिळाच्या असल्याने त्यांना थोड्या जाड जॅकेटची गोळी घेणे बरे. जुन्या हॉर्नेट नळ्यांचा व्यास 0.224 ऐवजी 0.223 इंच असू शकतो, हेही गोळी घेण्यापूर्वी मोजून पाहावे.

बुडाच्या आकाराबाबत मतभेद आहेत. निमुळते बूड हवेचा विरोध कमी करते, पण त्याचा लाभ 300 यार्डांपलीकडे जाणवू लागतो. त्याअलीकडे सपाट बुडाची गोळी नळीच्या तोंडातील बारीकसारीक दोष अधिक सोसते असा अनेक बेंचरेस्ट नेमबाजांचा अनुभव असून तो ग्राह्य धरण्यास हरकत नाही. गोळी कवचात किती खोल बसवायची हे तिच्या टोकावरून मोजू नये. पोकळ टोकांची कड ओबडधोबड असते आणि एकाच पेटीतल्या गोळ्यांतही लांबीत फरक निघतो. गोळी आट्यांना जिथे प्रथम टेकते त्या फुगीर भागापासून मोजणे योग्य. प्रत्येक गोळी आट्यांपासून कमीअधिक अंतरावर पारखावी लागते. बसवण्याची खोली बदलली की दाबही बदलतो, तेव्हा दारूची मात्रा पुन्हा किमान पातळीपासून वाढवत नेण्याचा संकेत आहे. तीन गोळ्यांच्या एखाद्या सुंदर गटावरून निष्कर्ष काढणे ही या छंदातील सर्रास आढळणारी खोड आहे. पाच-पाच गोळ्यांचे अनेक गट घेऊन त्यांची सरासरीच पाहावी.

फुटणाऱ्या गोळीतील शिशाचे कण मृत प्राण्यात राहतात आणि ते खाणाऱ्या गरुड, कॉन्डॉर आदी पक्ष्यांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून कोणत्याही वन्यप्राण्याच्या शिकारीसाठी शिसेविरहित गोळ्या बंधनकारक आहेत. तांब्याची घनता शिशापेक्षा कमी, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते व मंद पिळाच्या जुन्या नळ्यांत ती नीट स्थिर होत नाही. यावर उपाय म्हणून तांबे-कथील चूर्णाचा गाभा असलेल्या हलक्या गोळ्या निघाल्या आहेत. भारतात काडतुसे बनवण्यास शस्त्र अधिनियम, 1959 खाली परवाना लागतो आणि वन्यप्राण्यांच्या शिकारीवर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 ची बंधने असल्याने हा छंद येथे रुजलेला नाही.