पाणी दिलेल्या पोलादात आटे

मुंबईत साकीनाक्याच्या एका गाळ्यात पाहिलेली डायची, म्हणजे साच्याची, पोलादी प्लेट माझ्या चांगलीच लक्षात राहिली आहे. हार्डनिंग होऊन, म्हणजे पाणी देऊन कडक होऊन, आल्यावर एका भोकात आटे पाडायचे राहिल्याचे ध्यानात आले, टॅप, म्हणजे बोल्टसाठी आटे कापणारे हत्यार, मारला आणि तो आतच मोडला. ‘आणखी कडक टॅप हवा होता’ असे अशा वेळी सर्रास म्हटले जाते. पण ते अर्धेच खरे आहे.

लालभडक पोलाद झटकन थंड केले, की त्यात विरघळलेल्या कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो लोहाच्या स्फटिकात अडकतो आणि स्फटिक ताणला जातो. कडकपणा येतो तो यामुळे, अमुक विहिरीच्या पाण्याच्या गुणाने नव्हे. अशी प्लेट कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर ६०च्या आसपास असते आणि हायस्पीड स्टील या हत्यारांच्या पोलादाचा टॅप ६३ ते ६५. एवढ्याशा फरकावर कापणे जमत नाही. कार्बाइड हे हत्यारांचे दुसरे साहित्य पुष्कळ कडक असले तरी ठिसूळ असते, आणि टॅपचे अनेक दात एकदम कापत असताना कीस अडकला की पीळ बसून तो तुटतो. थ्रेड मिलिंगमध्ये लहान कटर भोकात गोल फिरत थोडेथोडे कापतो, म्हणून तेथे कार्बाइड टिकते.

मला मात्र सर्वांत मोह पडतो तो ठिणगीचा. विजेच्या ठिणग्यांनी टंगस्टनचे संपर्कबिंदू झिजतात, हा दोष अभ्यासताना सोव्हिएत संघातील लाझारेन्को दांपत्याने १९४३च्या सुमारास त्याच झिजेचे हत्यार केले. आटे असलेला तांब्याचा इलेक्ट्रोड भोकापेक्षा किंचित बारीक ठेवून तेलात बुडालेल्या प्लेटमध्ये उतरवतात आणि स्वतःभोवती न फिरवता वाढत्या वर्तुळात सरकवतात. मिलिमीटरच्या काही शतांश फटीत ठिणगी पडते, तेथील तापमान हजारो अंशांवर जाते, पोलादाचा सूक्ष्म कण वितळून उडतो आणि तेल त्याला वाहून नेते. इलेक्ट्रोड पोलादाला टेकतच नाही. त्यामुळे कडकपणाचा प्रश्न उरत नाही, धातू विद्युत्‌वाहक असला की पुरे. काम संथ चालते, आणि वितळून पुन्हा गोठलेला पातळ, ठिसूळ थर आट्यांवर राहतो, हे मात्र विसरू नये.

त्या प्लेटमधला मोडका टॅपही ठिणगीनेच मधोमध पोखरला, उरलेले तुकडे चिमट्याने काढले आणि मग त्याच यंत्रावर आटे पाडले. एम १०चा, म्हणजे दहा मिलिमीटर जाडीचा, बोल्ट हाताने तळापर्यंत गेला.