पक्ष्यांचे शहरी बिऱ्हाडकरू

1898 साली कोलकात्यात रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाच्या परजीवीचा डासाच्या शरीरातला प्रवास उलगडला, तो चिमण्यांच्या मदतीने. आजारी चिमण्यांचं रक्त प्यायलेल्या डासांच्या लाळग्रंथींत त्यांना परजीवी सापडले आणि त्या डासांनी चावल्यावर निरोगी चिमण्याही आजारी पडल्या. (पक्ष्यांचा हिवताप माणसाला होत नाही.) परजीवीला असं वाहन लागतं, मुक्कामाची ठिकाणं लागतात. शहरातल्या पक्ष्यांना परजीवींचा त्रास वाढतो की घटतो, याचं सरसकट उत्तर म्हणूनच देता येत नाही. ते वाहन शहरात टिकतं का, हे आधी पाहावं लागतं.

गोचीड घ्या. युरोपातला ब्लॅकबर्ड हा आपल्या कस्तुराचा नातेवाईक. मूळचा रानातला, पण आता शहरी बागांत पुरता रुळलेला. या शहरी पक्ष्यांच्या अंगावर रानातल्या भाऊबंदांपेक्षा खूपच कमी गोचिडी आढळतात. गोचिडीला ओलसर पालापाचोळा हवा असतो, शिवाय वाढीच्या टप्प्यांवर उंदरापासून हरणापर्यंत निरनिराळे यजमान लागतात. झाडूनपुसून ठेवलेल्या बागेत यातलं फारसं काही मिळत नाही.

डासाचं मात्र साचलेल्या पाण्यावर भागतं. लंडनमधल्या चिमण्यांच्या 11 वसाहतींचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. तिथल्या सरासरी 74 टक्के चिमण्यांच्या रक्तात हिवतापाचा परजीवी होता, आणि ज्या वसाहती रोडावत होत्या तिथे संसर्गाची तीव्रता जास्त दिसली. लंडनच्या चिमण्या एवढ्यानेच घटल्या असं कुणी म्हणत नाही, पण संशय बळकट आहे.

मला सर्वांत हलवून सोडणारी गोष्ट अमेरिकेतल्या टक्सन शहरातली. कूपर्स हॉक हा शिकारी पक्षी, आपल्या शिक्र्याचा जवळचा भाऊबंद. शहरात त्याला घरटं बांधायला उंच झाडं मिळाली आणि खायला होल्यांचे थवेच्या थवे. होल्यांच्या घशात ‘ट्रायकोमोनस’ नावाचा एकपेशीय जीव राहतो. होल्याला त्याचा बहुधा त्रास होत नाही, पण मांसाबरोबर तो हॉकच्या पिलांच्या तोंडात उतरतो. घशात पिवळट, चीजसारखे गोळे धरतात, पिलाला गिळता येत नाही आणि समोर अन्न असताना ते उपाशी मरतं. 1990च्या दशकातल्या पाहणीत शहरातल्या सुमारे 85 टक्के पिलांना हा संसर्ग होता. शहराबाहेर 9 टक्क्यांच्या आसपास.

हा जीव ओल्या जागी तग धरतो, कोरडा पडला की मरतो. उन्हाळ्यात आपण गॅलरीत पक्ष्यांसाठी पाणी ठेवतो, तिथे पारवे-होलेच आधी येतात. म्हणून मी ते भांडं रोज ओतून, घासून, उन्हात खडखडीत वाळवते आणि मगच पुन्हा भरते. रोज ओतल्याने डासांच्या अळ्यांनाही वाढायला वेळ मिळत नाही.

एवढी पिलं दगावूनही टक्सनमधले हॉक संपले नाहीत. ट्रायकोमोनसला पिलाच्या तोंडातली लाळ मानवते, पण पिलू घरट्याबाहेर पडून मोठं होऊ लागलं की ती लाळ आम्लधर्मी होत जाते. मोठे हॉक तेच होले आयुष्यभर खातात आणि सहसा आजारी पडत नाहीत.