दहा दिवसांच्या दूध बिलामागचा लूप

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांत महिन्यातून तीनदा तेच काम चालतं, दहा दिवसांचं बिल काढायचं. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दरपत्रकातला दर, मग पशुखाद्याची आणि उचलीची कपात. एक सभासद झाला की पुढचा, हा लूप. तारखा आणि दरपत्रक तेवढं बाहेरून द्यायचं, हे पॅरामीटर.

ही फोड फार जुनी आहे. चार्ल्स बॅबेजने आखलेल्या गणनयंत्रावर बर्नोली संख्या (गणितातली एक संख्यामालिका) कशा काढता येतील हे एडा लव्हलेसने 1843 मध्ये लिहिलं, त्यात पुन्हा पुन्हा करायच्या कृतींचं आवर्तन स्पष्ट दिसतं. 1957 च्या फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेत त्यासाठी 'डू' हा आदेश आला.

पण प्रोग्रामच्या आत लूप असणं वेगळं आणि अख्खा जॉब, म्हणजे संगणकाला दिलेलं एक पूर्ण काम, पुन्हा चालवणं वेगळं. आयबीएमने 1964 मध्ये सिस्टिम/360 ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिथे जॉब चालवायच्या जेसीएल या भाषेत पॅरामीटर होते, लूप नव्हता. छिद्रं पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातलं तारखेचं कार्ड बदलून तोच गठ्ठा पुन्हा लावायचा. म्हणजे खरा लूप ऑपरेटरच चालवायचा. 1979 च्या युनिक्स या संगणक प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत बॉर्न शेल या आदेश देण्याच्या प्रोग्राममधून 'फॉर' आणि 'व्हाइल' हे लूप मिळाले, आणि ठरल्या वेळी काम सुरू करायला क्रॉन हा प्रोग्राम होताच.

माझ्या मते खरी कसोटी तारखेची आहे. तिसरं बिल 21 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचं. प्रोग्रामात 'दहा दिवस' पक्के लिहून ठेवले, तर 28 दिवसांच्या फेब्रुवारीत 1 आणि 2 मार्चचं दूध आत येतं आणि 31 दिवसांच्या महिन्यात शेवटच्या दिवसाचं बाहेर राहतं. प्रोग्राम स्वतःच 'आज'ची तारीख बघत असेल तर आणखी पंचाईत: रात्री वीज गेली आणि बिल दुसऱ्या दिवशी काढलं, की आकडे बदलले. म्हणून 'पासून' आणि 'पर्यंत' दोन्ही बाहेरूनच द्यावं. शिवाय त्या मुदतीचं अर्धवट बिल आधी पुसून मगच नवं लिहावं, नाहीतर एखाद्याची पशुखाद्याची कपात दोनदा होते.

एअरबीएनबी कंपनीत 2014 मध्ये सुरू झालेल्या एअरफ्लो या कामं वेळापत्रकाने चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने हीच शिस्त रचनेत आणली. त्यात कामांच्या साखळीला मागे वळता येत नाही. पुनरावृत्ती वेळापत्रकाकडे, आणि प्रत्येक फेरीला तिच्या मुदतीची सुरुवात आणि शेवट मिळतो. जुनी मुदत पुन्हा चालवणंही त्यामुळे सोपं जातं. दिवाळीआधी सभासदांचा दूध फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावर नंतर मिळणारी वाढीव रक्कम, काढताना तरी वेगळं काय असतं? सभासदांचा लूप तोच, मुदत अख्ख्या वर्षाची आणि दराच्या जागी लिटरमागचा फरक.