काळी दिसणारी साडी काळी नव्हती

आमच्या घरच्या एका जुन्या फोटोत सहा माणसं आहेत. आजोबा त्यात दहा-बारा वर्षांचे. पाच जणांची नावं आम्हाला ठाऊक होती. सहावी बाई उजव्या टोकाला, बाकीच्यांपासून हातभर लांब उभी. डोक्यावरून पदर, अंगावर काळी साडी. चंद्रकळा असणार, म्हणजे फोटो संक्रांतीचा, असंच आम्ही धरून चाललो होतो. तो स्कॅन करून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, तेव्हा नागपूरच्या चुलतभावानं विचारलं, "पणजीचं कुंकू एवढं काळं कसं?"

फार मोलाचा प्रश्न होता तो. तेव्हा कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी काच असे; तिच्यावर लावायचे चांदीचे क्षार मुळात निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच दाद देतात. त्यांत काही रंगद्रव्यं मिसळली की हिरवा प्रकाशही टिपता येतो, हे हेरमान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला १८७३ मध्ये आढळलं. लाल रंग मात्र या काचांना दिसतच नसे. म्हणून तर त्या लाल दिव्याच्या उजेडात धुता येत. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ मध्ये विकायला आल्या, तरी जुन्या पद्धतीच्या काचा त्यानंतरही बरीच वर्षं वापरात होत्या. अशा काचेवर लाल वस्तूचा प्रकाश काहीच खूण करत नाही, आणि छापलेल्या फोटोत ती जागा काळी उमटते.

कुंकू काळं, तर मग ती साडी? तीही लाल असू शकते. कपाळ मोकळं, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. चंद्रकळा नव्हे, ते अलवण होतं, विधवांनी नेसायचं लाल लुगडं. फोटोतली बाई विधवा होती. हे लक्षात आल्यावर ती अशी कडेला का उभी आहे, तेही कळलं आणि मला बराच वेळ तो फोटो बाजूला ठेवता येईना.

पण ती कोण? चेहरे जुळवणारं अ‍ॅप प्रत्येक चेहऱ्याची आकड्यांची एक मालिका बनवतं आणि दोन मालिका किती जवळ आहेत ते पाहतं. त्यानं या बाईचा चेहरा पणजीच्या तरुणपणीच्या फोटोशी जुळवला. पणजी तर याच फोटोत मधोमध खुर्चीवर बसलेली आहे! एका रक्ताची माणसं यंत्राला सहज फसवतात. तरी ही चूक वाया गेली नाही, ती पणजीच्या माहेरची किंवा पोटची असावी इतपत दिशा मिळाली.

अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या कर्ट लूथर यांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केलंय. २०१३ मध्ये पिट्सबर्गच्या संग्रहालयात त्यांना यादवी युद्धात लढलेल्या, आपल्या खापरपणजोबांच्या पिढीतल्या एका नातलगाचा फोटो अचानक दिसला. त्यातून २०१८ मध्ये 'सिव्हिल वॉर फोटो स्लूथ' हे संकेतस्थळ उभं राहिलं. तिथे लोक आधी गणवेशावरच्या खुणा नोंदवतात, त्यांवरून हुद्दा ठरतो आणि लष्करी नोंदींतली न बसणारी नावं गळतात. उरलेल्यांशी यंत्र चेहरा ताडून पाहतं, शेवटचा निर्णय माणसाचा. आमच्या बाईसाठी अशी नोंदवही कुठून आणायची? आमची वंशावळ मुलग्यांच्या नावांनी चालते. लग्न होऊन गेलेली मुलगी तिथून पुसली जाते, ती परत माहेरी आली तरी.

राहिली ती ओळखीची नजर, आणि तिची ताकद मोजून पाहिलेली आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात दोन प्रसिद्ध डच स्त्रियांचे प्रत्येकी २० फोटो एकत्र करून लोकांना दिले आणि माणसागणिक गठ्ठे लावायला सांगितले. त्या दोघींना न ओळखणाऱ्या ब्रिटिशांनी साधारण सात-आठ गठ्ठे लावले. डच लोकांनी बहुतेक बिनचूक दोन. अनोळखी चेहरा प्रकाश, कोन, वय बदललं की आपल्याला निराळा वाटतो. ओळखीचा चेहरा या सगळ्यातून आरपार दिसतो.

म्हणून इंदूरच्या आत्याकडे गेले. ती ८९ वर्षांची आहे. फोटो मोठा छापून नेला होता. फोनच्या पडद्यावर तिला नीट दिसत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जाऊन त्यातले बारकावे जातात. "ही पणजीची मुलगी का?" असं विचारायचं कटाक्षानं टाळलं, नाव सुचवलं की म्हातारं माणूस भिडेखातर हो म्हणतं आणि मग त्यालाही तसंच आठवू लागतं. नुसतं विचारलं, "ही कोण गं?"

"अगं, ही आमची आत्या. बाबांची थोरली बहीण. सोवळी होती ना. मला रोज रात्री भात कालवून भरवायची."

मी तिचं नाव विचारून घेतलं आणि फोटोच्या पाठीवर अगदी कडेला, मऊ पेन्सिलीनं, जोर न देता लिहिलं. माहेरचंच नाव. सासरचं आत्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.