तप्त तारे आणि तारकागुच्छ: आकाशगंगेच्या नकाशामागचा इतिहास

१७६७ साली जॉन मिचेल या इंग्रज धर्मोपदेशकाने कृत्तिकांबद्दल एक हिशेब मांडला. तेवढ्या तेजाचे सुमारे १,५०० तारे आकाशभर कसेही विखुरले असतील, तर त्यातले सहा इतक्या लहानशा जागेत योगायोगाने जमण्याची शक्यता किती? उत्तर आले, जवळपास पाच लाखांत एक. मिचेलने निष्कर्ष काढला की हे तारे नुसते एका दिशेला दिसत नाहीत, ते खरोखरच एकत्र आहेत. दुर्बिणीतून कृत्तिकांमधले नुसत्या डोळ्यांना न दिसणारे तारे गॅलिलिओने १६१० मध्येच नोंदवले होते. पण तारकागुच्छ ही खरी वस्तू आहे, हे आधी गणिताने सांगितले.

या निष्कर्षाचे मोल कळायला पुढे दीडशे वर्षे जावी लागली. एकट्या ताऱ्याकडे पाहून तो जवळ असल्यामुळे तेजस्वी दिसतो की मुळातच प्रखर आहे, हे सांगता येत नाही. गुच्छातले तारे मात्र आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात आणि एकाच मेघातून साधारण एकाच वेळी जन्मलेले असतात. त्यामुळे त्यांच्यात जो फरक दिसतो, तो मुख्यतः वस्तुमानाचा. निसर्गाने आयता मांडून ठेवलेला हा प्रयोगच म्हणायला हवा. १९११ साली एजनार हर्ट्झस्प्रुंगने कृत्तिका आणि रोहिणी शकट या दोन गुच्छांतल्या ताऱ्यांचा रंग आणि तेज एका आलेखावर मांडले, तेव्हा बहुतेक तारे एका तिरप्या पट्ट्यात ओळीने येऊन बसले. आज प्रत्येक खगोलविद्यार्थी शिकतो त्या आलेखाची सुरुवात अशी तारकागुच्छांपासून झाली.

त्याच सुमारास हार्वर्ड वेधशाळेत अ‍ॅनी जंप कॅनन हजारो वर्णपट, म्हणजे ताऱ्यांच्या प्रकाशाचे रंगांत फाकलेले पट्टे, तपासून ताऱ्यांचे वर्ग पाडत होत्या. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हा क्रम त्यांनीच रूढ केला. हा क्रम तापमानाचा का आहे, याचे भौतिकी उत्तर १९२० मध्ये मेघनाद साहांच्या आयनीकरणाच्या (उष्णतेने अणूंतले इलेक्ट्रॉन सुटण्याच्या) समीकरणाने दिले आणि १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी ते समीकरण हार्वर्डच्या वर्णपटांना लावून पक्के केले. क्रमाच्या तप्त टोकाला ओ तारे आहेत. त्यांच्या पृष्ठभागाचे तापमान ३०,००० अंशांच्या पुढे असते, तर आपल्या सूर्याचे सुमारे ५,५००. सूर्याच्या वीसपट वस्तुमान असलेला तारा सूर्यापेक्षा हजारो पटींनी जास्त ऊर्जा उधळतो आणि म्हणून एखाद्या कोटी वर्षांतच संपतो. सूर्याचे एकूण आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचे आहे.

या अल्पायुष्यामुळेच तारकागुच्छांचे वय काढता येते. जे तारे जितके तप्त, ते तितके लवकर संपतात. गुच्छात आता सर्वांत तप्त तारा कोणत्या वर्गाचा उरला आहे, हे पाहिले की वयाचा अंदाज येतो. प्रकाशविद्युत मापनाने ताऱ्यांचे रंग नेमके मोजता येऊ लागले, तेव्हा १९५० च्या दशकात अ‍ॅलन सँडेज आणि इतरांनी ही पद्धत प्रस्थापित केली. आपल्याकडच्या कुणालाही हिवाळ्यात ती आकाशात पडताळून पाहता येईल, कारण त्यासाठी लागणारी तीन नक्षत्रे शेजारी शेजारी आहेत. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला जो तेजोमेघ आहे, त्यातल्या गुच्छाचे वय फार तर वीस-तीस लाख वर्षे. तिथे सुमारे ४०,००० अंशांचा एक ओ तारा जवळजवळ सगळा मेघ उजळवतो आहे. कृत्तिकांचे वय दहा-बारा कोटी वर्षे. तिथे ओ तारे नाहीत, निळसर बी तारे आहेत. रोहिणी शकटाचे वय साठ-सत्तर कोटी वर्षे, आणि तिथले बी तारेही संपले आहेत. (तांबूस रोहिणी तारा मात्र त्या गुच्छातला नाही. तो ६५ प्रकाशवर्षांवर आहे, तर गुच्छ सुमारे १५० प्रकाशवर्षांवर.) मृगाकडून कृत्तिकांकडे नजर नेताना वाटेतली रोहिणी वयाचा क्रम मोडते एवढेच. बाकी ताऱ्यांच्या उत्क्रांतीचा इतका सोपा धडा आकाशात दुसरीकडे कुठे मिळेल असे मला वाटत नाही.

या इतिहासातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम रॉबर्ट ट्रम्पलरचे आहे. हा मूळचा स्वित्झर्लंडचा खगोलशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत काम करत होता. १९३० मध्ये त्याने १०० खुल्या, म्हणजे विरळ, तारकागुच्छांची अंतरे दोन वेगळ्या रीतींनी काढली. एक, ताऱ्यांच्या तेजावरून. दोन, गुच्छांचा आकार साधारण सारखा असतो असे धरून, आकाशात ते किती लहान दिसतात यावरून. दोन्ही उत्तरे जुळायला हवी होती, पण दूरच्या गुच्छांसाठी ती जुळेनात. तेजावरून काढलेले अंतर खरे मानावे, तर गुच्छ जितका दूर, तितका तो आकाराने मोठा निघत होता, आणि तेही सूर्याच्या चारही बाजूंना. गुच्छांनी सूर्याला केंद्र मानून वाढावे, याला काही अर्थ नव्हता. खरे कारण मधल्या वाटेत होते. धुक्यातला दिवा आहे त्याहून लांब वाटतो, तसे हे गुच्छ आंतरतारकीय धुळीमुळे मंद दिसत होते. ट्रम्पलरच्या मापाने सुमारे ३,२६० प्रकाशवर्षांच्या प्रवासात छायाचित्रांत उमटणारा जवळपास निम्मा प्रकाश गळतो. आकाशगंगेच्या आकाराचे तोवरचे अंदाज त्यामुळे पुन्हा करावे लागले. सूर्य तिच्या मध्याशी आहे असा जो भास होत होता, त्याचाही उलगडा झाला. धुळीमुळे आपल्याला सगळ्या दिशांना जवळचेच तारे दिसत होते.

१९४७ मध्ये आर्मेनियात व्हिक्टर अंबार्तसुमियनने दाखवून दिले की ओ आणि बी ताऱ्यांचे काही समूह इतके विरळ आहेत की ते फार काळ एकत्र टिकूच शकत नाहीत. ते अजून दिसतात, त्या अर्थी नुकतेच जन्मलेले असणार. सगळे तारे फार पूर्वी कधीतरी घडून गेले, या समजुतीला त्याने धक्का बसला. आकाशगंगेत तारे आजही जन्मत आहेत.

अल्पायुषी तारे जन्मस्थानापासून फार दूर जाऊ शकत नाहीत. याचाच फायदा यर्किस वेधशाळेच्या विल्यम मॉर्गनने घेतला. स्ट्युअर्ट शार्पलेस आणि डोनाल्ड ऑस्टरब्रॉक यांच्या साथीने त्याने ओ आणि बी तारे आणि त्यांनी उजळवलेले हायड्रोजनचे मेघ यांची अंतरे मांडली, तर ते लांबट पट्ट्यांत येऊ लागले. आकाशगंगेचे सर्पिल भुज प्रथमच रेखले गेले. १९५१ च्या डिसेंबरमध्ये क्लीव्हलंडच्या परिषदेत त्याने हा नकाशा दाखवला, तेव्हा श्रोत्यांनी टाळ्यांचा गजर केला. थोड्याच वर्षांत हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींनीही भुजांचे चित्र उभे केले.

तप्त ताऱ्यांचा बहुतेक प्रकाश मात्र जंबुपार (अतिनील) असतो आणि तो आपल्या वातावरणातच अडतो. म्हणून १९६५ मध्ये रॉकेटमधून मृगातल्या ताऱ्यांचे जंबुपार वर्णपट घेतले गेले. त्यात दिसले की हे तारे सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटर वेगाने वायू बाहेर फेकत आहेत. ओ तारा आयुष्यभर वस्तुमान गमावत जातो, हे तेव्हा ध्यानात आले. भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरही जंबुपार दुर्बीण आहे. या मोहिमेत मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका या संस्थांचा सहभाग आहे. एनजीसी १८८ या अतिशय जुन्या गुच्छातल्या, वयापेक्षा तरुण आणि निळ्या दिसणाऱ्या एका ताऱ्याजवळ तप्त जोडीदार असल्याचे याच दुर्बिणीने २०१६ मध्ये दाखवले. जोडीदाराकडून वायू ओढून घेतल्यामुळे तारा पुन्हा तरुण दिसतो, या कल्पनेला त्याने बळ मिळाले. नैनितालच्या वेधशाळेतही खुल्या तारकागुच्छांचा अभ्यास कित्येक दशके चालू आहे.

अंतराचा प्रश्न मात्र सहजासहजी सुटला नाही. १९९७ मध्ये हिपार्कस उपग्रहाच्या मापनाने कृत्तिकांचे अंतर सुमारे ३९० प्रकाशवर्षे दिले, तर इतर पद्धती ४३० ते ४४० सांगत होत्या. हिपार्कस बरोबर असता, तर ताऱ्यांच्या रचनेचे सिद्धांतच तपासावे लागले असते. २०१४ च्या रेडिओ मापनाने आणि नंतर गाया उपग्रहाने सुमारे ४४० प्रकाशवर्षांच्या बाजूने कौल दिला. गायाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची जागा आणि गती मोजली. एप्रिल २०१८ च्या माहितीनंतर शेकडो नवे तारकागुच्छ सापडले आणि जुन्या यादीतले अनेक गुच्छ केवळ एका रेषेत आलेले तारे निघाले. मिचेलचा प्रश्न अडीचशे वर्षांनी पुन्हा विचारला गेला, आणि या वेळी उत्तर ताऱ्यांच्या गतीने दिले.

२०१२ मध्ये सहा तारकागुच्छांतल्या ७१ ओ ताऱ्यांच्या अभ्यासातून आणखी एक समज मोडला. यातल्या ७० टक्क्यांहून अधिक ताऱ्यांची आयुष्यात कधीतरी जोडीदाराशी वायूची देवाणघेवाण होणार आहे. एकट्या ताऱ्यासाठी लिहिलेले उत्क्रांतीचे सिद्धांत म्हणजे तप्त ताऱ्यांच्या बाबतीत अपवादाचे वर्णन ठरले. अशा जोड्यांतून शेवटी कृष्णविवरांच्या जोड्या उरू शकतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी टिपलेली पहिली गुरुत्वीय लहर (अवकाश-काळातला तरंग) सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांच्या टकरीतून आली होती. इतकी जड कृष्णविवरे जोडीतल्या ताऱ्यांतून घडतात, की दाट गुच्छांत एकमेकांना भेटतात, यावर आजही वाद चालू आहे. भारताची लायगो वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांपासून इतक्या दूर आणखी एक वेधशाळा असली, की लहर आकाशात नेमकी कुठून आली हे कितीतरी जास्त अचूक सांगता येईल.